कोपऱ्यावरच्या मेडिकलमधला आकडा: रक्तातली साखर मोजण्याची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना जे घसरलं ते लिहिताना थोडं सावरलंय, बाकी तेच आहे.

आजचा भाग एका आकड्यापासून सुरू होतो. २३१.

मे महिना, दुपारी चारची वेळ. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो होतो. तिथं काचेवर एक कागद चिकटवलेला आहे, तुमच्याही मेडिकलमध्ये असेल: ‘येथे शुगर तपासून मिळेल’. तो कागद मी शंभर वेळा पाहिला असेल, पण आपल्यासाठी आहे असं कधी वाटलं नाही. त्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. मेडिकलवाले काका गोळ्या पाकिटात भरता भरता म्हणाले, “तुझी कधी तपासलीस का रे?”

“काका, मी अठ्ठावीसचा आहे.”

“मी वय नाही विचारलं.”

आता यावर काय बोलणार! मी हात पुढे केला. स्पिरिटचा कापूस, बोटाच्या कडेला टच्, रक्ताचा थेंब, पट्टी, पाच सेकंद. २३१.

काकांच्या कपाळावर आठी आली. जेवून किती वेळ झाला, म्हणाले. मी म्हटलं, अडीच तास. मग त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. “आंबा खाल्लास का?” खाल्ला नव्हता. पण आईला रात्रीच्या आमरसासाठी डझनभर आंबे पिळून दिले होते आणि हात टॉवेलला पुसून तसाच बाहेर पडलो होतो. काकांनी मला दुकानामागच्या बेसिनवर पिटाळलं. साबणानं हात धुवून, कोरडे करून ये, म्हणाले. दुसरं बोट, नवी सुई, नवी पट्टी. १४८.

म्हणजे मधले ८३ आंब्याचे होते. यंत्रानं चूक केली नव्हती. त्यानं समोर आलेली साखर मोजली होती, ती रक्तातली की हापूसची हे त्याला कळत नाही. नुसत्या स्पिरिटच्या कापसानं फळाची साखर पुरती निघत नाही, पाण्यानं हात धुवावे लागतात, हे मला त्या दिवशी समजलं.

काका म्हणाले, “१४८ म्हणजे घाबरायचं नाही. पण विसरायचंही नाही. लॅबमध्ये जाऊन नीट कर.”

घरी येताना मात्र माझ्या डोक्यात आजोबा होते. आमच्या घरात आजोबांची शुगर पहिल्यांदा मोजली गेली ती दवाखान्यात, पायाची जखम काळी पडल्यावर. त्याआधी किती वर्षं ती वाढत होती कोणालाच माहीत नाही. पाय गुडघ्याखालून गेला. तेव्हापासून बाबांनी स्वतःची शुगर एकदाही तपासलेली नाही. विषय काढला की “मला काही होत नाहीये” म्हणून उठून जातात. आजोबांना आकडा मिळाला नाही, बाबांना तो नको होता, आणि मला तो गोळ्या घ्यायला गेलो असताना पाच सेकंदांत मिळाला. हा आकडा इथपर्यंत आला कसा? म्हणून मी शोधायला बसलो.

जीभ आणि मुंग्या

सुरुवात जिभेपासून होते. हसू नका.

आपल्याकडं या आजाराचं नावच मुळी ‘मधुमेह’. मध आणि मेह, म्हणजे लघवी. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांमध्ये मुंग्या रुग्णाच्या लघवीकडे येतात हे नोंदवलंय. सुश्रुतसंहितेत रुग्णांचे दोन प्रकार सांगितलेत, एक जन्मापासून येणारा आणि दुसरा चुकीच्या आहारविहारातून होणारा. पहिल्यातला रुग्ण कृश असतो, दुसऱ्यातला सहसा स्थूल. आजच्या टाइप वन आणि टाइप टूशी ही विभागणी तंतोतंत जुळत नाही, पण निरीक्षण किती बारीक होतं ते बघा. तिकडं ग्रीक वैद्यांनी याच आजाराला ‘डायबिटीस’ म्हटलं. त्या शब्दात आरपार वाहून जाण्याचा अर्थ आहे, कारण प्यायलेलं पाणी शरीरात थांबतच नाही.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिस या डॉक्टरनं लिहून ठेवलं की या रुग्णांची लघवी मधासारखी गोड लागते. लागते, म्हणजे चाखून. पण गोड का, हे त्याला सुटलं नाही.

ते सोडवायला घेतलं लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननं. १७७६ साली त्यानं आपले प्रयोग छापले. त्याच्याकडं ३३ वर्षांचा एक रुग्ण होता, दिवसाला २८ पाइंट लघवी करणारा. म्हणजे अक्षरशः बादलीभर. डॉब्सननं ती लघवी मंद आचेवर आटवली. खाली पांढरट वडी उरली. वास ब्राऊन शुगरसारखा, चव साखरेची. म्हणजे गोडवा हा भास नव्हता, लघवीत खरोखर साखर होती.

डॉब्सननं आणखी एक गोष्ट केली आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. त्यानं रुग्णाच्या रक्तातला पाण्यासारखा भागही तपासला. तोही गोड निघाला, फक्त लघवीपेक्षा कमी. याचा अर्थ साखर मूत्रपिंडात तयार होत नव्हती, ती रक्तातून येत होती. म्हणजे खरा आकडा रक्तात होता. हे १७७६ मध्ये लिहिलं गेलं, पण तो आकडा रुग्णाच्या हातात यायला पुढं जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

उशिरा येणारी खबर

मधल्या काळात लोक लघवीच मोजत राहिले, कारण ती सहज मिळते. १८१५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरुल यांनी दाखवलं की ही साखर द्राक्षातल्या साखरेसारखीच आहे, म्हणजे ग्लुकोज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्टॅनली बेनेडिक्ट यांनी ते निळं द्रावण बनवलं, जे आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तापवलंय. आठवतंय ना? निळं, मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटेसारखं लाल. आपण ते सबमिशनसाठी केलं. पण कित्येक दशकं मधुमेही माणसं हेच रोज स्वयंपाकघरात करत होती: परीक्षानळी, लघवीचे थेंब, उकळतं पाणी आणि मग रंग बघायचा.

यात एक मोठी गडबड आहे. मूत्रपिंडं रक्तातली साखर शक्यतो वाया जाऊ देत नाहीत, गाळलेली साखर परत आत घेतात. रक्तातली पातळी साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की त्यांची क्षमता संपते आणि मगच साखर लघवीत उतरते. म्हणजे रक्तात १६० असलं तरी लघवीची परीक्षा ‘सगळं ठीक’ म्हणणार. ५० असलं तरीही तेच म्हणणार, आणि ५० ला माणूस चक्कर येऊन पडू शकतो. शिवाय मूत्राशयात साठलेली लघवी गेल्या काही तासांची गोष्ट सांगते, आत्ताची नाही.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर जळतोय आणि तुम्ही चार तासांपूर्वीचा लॉग वाचताय. तोही असा, की ज्यात फक्त मोठ्याच एरर नोंदवल्या जातात.

१९२१ पर्यंत याचा फारसा फरक पडत नव्हता, कारण आकडा कळून करणार तरी काय? टाइप वन मधुमेह झालेल्या मुलांसाठी उपचार म्हणजे जवळजवळ उपासमार, आणि तरीही ती मुलं जात. मग टोरोंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. शुद्ध केलेल्या दुसऱ्या खेपेनंतर त्याची साखर उतरली. मरायला टेकलेली मुलं उठून बसू लागली.

आणि इथूनच मोजण्याला खरी धार आली. इन्सुलिन कमी पडलं तर साखर चढते, जास्त झालं तर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. औषध हातात आलं, पण किती घ्यायचं हे ठरवायला जो आकडा हवा तो प्रयोगशाळेत अडकलेला. १९२० च्या आसपास फोलिन आणि वू यांच्या पद्धतीमुळं रक्तातली साखर मोजणं पुष्कळ सोपं झालं होतं. पण शिरेतून रक्त घ्या, प्रथिनं वेगळी करा, उकळा, रंग ताडून बघा, हे सगळं लॅबमध्येच व्हायचं. तोवर रुग्णाचं पुढचं जेवणही होऊन जायचं.

पट्टी

आता अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात चला. तिथं माइल्स लॅबोरेटरीज नावाची कंपनी होती आणि तिचा एम्स नावाचा विभाग. त्यांनी १९४१ मध्ये क्लिनिटेस्ट नावाची गोळी आणली. लघवीच्या थेंबांत टाकली की ती स्वतःच उष्णता निर्माण करायची, त्यामुळं वेगळं उकळायची गरज नाही.

याच कंपनीत हेलन फ्री काम करत होत्या. त्यांना खरं तर इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं. पण दुसऱ्या महायुद्धात मुलं सैन्यात गेली, विज्ञानाच्या वर्गात जागा रिकाम्या झाल्या आणि त्या रसायनशास्त्राकडं वळल्या. त्यांनी आणि त्यांचे पती आल्फ्रेड फ्री यांनी विचार केला की नळीही नको, गोळीही नको. कागदाच्या पट्टीवरच रसायन लावून ठेवलं तर? बुडवा आणि वाचा. १९५६ मध्ये क्लिनिस्टिक्स बाजारात आली. आज लॅबमध्ये लघवी तपासायची जी रंगीत चौकोनांची पट्टी दिसते, ती याच घराण्यातली.

या पट्टीची करामत होती ‘ग्लुकोज ऑक्सिडेज’ या एन्झाइममध्ये. बाकीच्या पदार्थांच्या गर्दीतून ते ग्लुकोजलाच नेमकं पकडतं. आणि हे कुठून मिळतं माहितीये? ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीतून. घरातल्या कांद्याच्या टोपलीत एखाद्या कांद्यावर काळी पूड बसलेली असते ना, ती बहुतेक वेळा हीच बुरशी. आपण ती नळाखाली धुवून टाकतो. तिच्याच एन्झाइमवर जगभरातल्या कोट्यवधी पट्ट्या चालत आल्यात.

१९६५ मध्ये एम्सनंच डेक्स्ट्रोस्टिक्स आणली. ही पट्टी रक्तासाठी होती. मोठा थेंब लावायचा, बरोबर ६० सेकंद थांबायचं, पाण्यानं धुवायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. पण रंग जुळवणं म्हणजे डोळ्यांचा मामला. ट्यूबलाइटखाली वेगळा दिसतो, खिडकीत वेगळा. शिवाय मधुमेहानं नजर अधू झालेल्या माणसानं काय करायचं? म्हणून अँटन क्लेमेन्स यांनी पट्टीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजणारं यंत्र बनवलं. एम्स रिफ्लेक्टन्स मीटर. वजन सव्वा किलोच्या आसपास, किंमत शेकडो डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना आणि दवाखान्यांना.

एका इंजिनिअरचा हट्ट

इथं मला माझा हीरो भेटला.

रिचर्ड बर्नस्टाइन. व्यवसायानं इंजिनिअर. वयाच्या बाराव्या वर्षी, १९४६ मध्ये त्यांना टाइप वन मधुमेह झाला होता. पस्तिशीत आले तेव्हा शरीर आतून खचायला लागलं होतं. डॉक्टरांच्या सांगण्याबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही, तरी ही अवस्था. १९६९ मध्ये त्यांनी एका व्यावसायिक मासिकात या नव्या मीटरची जाहिरात पाहिली. रात्री लॅब बंद असताना दवाखान्यात आणलेला बेशुद्ध माणूस दारू प्यायलाय की मधुमेही आहे, हे ओळखायला उपयोगी, असा त्या जाहिरातीचा सूर होता.

बर्नस्टाइनना ते स्वतःसाठी हवं होतं. कंपनी रुग्णाला विकायला तयार नव्हती. पण त्यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावानं यंत्र घरी आलं.

मग त्यांनी जे केलं ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, कारण आम्ही रोज तेच करतो. त्यांनी मोजायला सुरुवात केली. दिवसातून एकदा नाही, अनेकदा. आकडे लिहून काढले. दिसलं असं की एकाच दिवसात साखर आभाळाला भिडते आणि तळालाही जाते. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जेवणातला एक पदार्थ बदला आणि बघा. दिवसाचं एकच मोठं इंजेक्शन तोडून छोटे छोटे डोस करा आणि बघा. हळूहळू आकडे स्थिर झाले आणि तब्येत सुधारली.

हे सगळं लिहून त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांकडं पाठवलं. त्यांनी स्वतःच सांगितल्याप्रमाणं, ते परत आलं. रुग्णानं घरी स्वतःचं रक्त तपासायचं, ही कल्पनाच तेव्हाच्या अनेक डॉक्टरांना पटत नव्हती. त्याला झेपेल का? तो घाबरणार नाही का? स्वतःच डोस बदलत बसला तर? आपलं ऐकायला कोणी तयार नाही म्हटल्यावर बर्नस्टाइननी वयाच्या ४५ व्या वर्षी नोकरी सोडून मेडिकल कॉलेजला प्रवेश घेतला. १९८३ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढं नव्वदीपर्यंत जगले.

दरम्यान १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या दोन गटांनी, एक नॉटिंगहॅमचा आणि एक लंडनचा, ‘लॅन्सेट’मध्ये आपापले अनुभव छापले. साध्या रुग्णांना घरी रक्त तपासायला शिकवलं, त्यांना ते जमलं आणि साखर जास्त आटोक्यात राहिली. झेपेल का, या प्रश्नाला रुग्णांनीच उत्तर दिलं होतं.

रंगाकडून करंटकडे

मेडिकलमधल्या काकांकडचं यंत्र मात्र रंग बघत नाही. ते वीज मोजतं. त्याचं मूळ १९६२ मध्ये आहे. लेलँड क्लार्क यांनी इलेक्ट्रोडवर एन्झाइम बसवण्याची कल्पना मांडली. एन्झाइम ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढतं, ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवले की प्रवाह मिळतो. जितकं ग्लुकोज जास्त तितका प्रवाह जास्त. पुढं ऑक्सफर्ड आणि क्रॅनफील्डच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन वाहून नेणारा हमाल शोधला, फेरोसीन नावाचं लोहयुक्त संयुग. त्यातून १९८७ मध्ये एक्झॅकटेक आलं, पेनाच्या आकाराचं आणि ३० सेकंदांत आकडा देणारं. पट्टी धुवायची गरज नाही, पुसायची नाही, रंग बघायचा नाही. आज पाच सेकंद लागतात आणि रक्त एका मायक्रोलिटरपेक्षाही कमी पुरतं. पट्टीच्या टोकाला बारीक फट असते, ती थेंब स्वतःच ओढून घेते.

पण हा आकडा म्हणजे देववाणी नाही. ग्लुकोमीटरसाठी आयएसओचं २०१३ चं मानक आहे. त्यानुसार १०० च्या वरचे ९५ टक्के आकडे लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के आतबाहेर असले तरी चालतात. म्हणजे माझे १४८ प्रत्यक्षात १३० असू शकतात किंवा १७० सुद्धा. आधीच मधुमेह आहे हे माहीत असलेल्या माणसाला रोजच्या रोज लक्ष ठेवायला हे पुरतं. मधुमेह आहे की नाही हे ठरवायला पुरत नाही. म्हणूनच काका लॅबमध्ये जा म्हणाले.

लॅबमध्ये जी एचबीएवनसी नावाची तपासणी होते, तिचीही एक गोष्ट आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर हे रुग्णांच्या हिमोग्लोबिनचे नमुने तपासत होते. मधुमेहींच्या नमुन्यांत त्यांना एक वेगळाच पट्टा दिसला. साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळं हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. आदल्या दिवशी उपास करून त्याला फसवता येत नाही. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ आणि वर मधुमेह, मधलं ते प्रीडायबिटीस. या रेषाही माणसांनीच ठरवल्यात आणि पुरावा आला तशा सरकवल्यात. उपाशीपोटीची मर्यादा आधी १४० होती. १९९७ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं ती १२६ वर आणली.

माझं एचबीएवनसी आलं ५.९.

पुण्याचा फोटो

खरं सांगतो, मला राग आला. माझी कंबर ३२ आहे. मला कोणी जाड म्हटलेलं नाही. मग कसं?

त्याचं उत्तर माझ्याच शहरात होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघं शेजारी उभे, दोघंही सडपातळ. दोघांचा बीएमआय २२.३, दशांशासकट सारखा. पण शरीरातली चरबी? युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून तितकेच बारीक, आतून दुप्पट चरबी. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटानं गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी होती, पण त्यांच्यातली चरबी त्या मानानं टिकून होती. स्नायू कमी, चरबी जास्त. म्हणजे आरशात बघून आपल्याला शुगरचा अंदाज येणारच नाही. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसणाऱ्याला तर नाहीच नाही.

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या सर्वेक्षणाचे आकडे आले: भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी प्रीडायबिटीसमध्ये. त्या १३.६ कोटींतला आता मी एक.

शेवटचा अडथळा

तो रिपोर्ट मी मुद्दाम लपवला नाही. टीव्हीच्या टेबलावर ठेवला. बाबांनी चष्मा लावून वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे माझ्याकडून आलंय का तुला?”

मला वाटलं होतं की बाबांना स्वतःच्या आकड्याची भीती वाटते. ती होतीच. पण आजोबांच्या पायाची रोजची ड्रेसिंग बाबांनीच केली होती. त्यांच्या डोक्यात शुगरचा आकडा म्हणजे आजाराची सुरुवात नव्हती, शेवट होता. त्यांनी आकडा फक्त शेवटच्या टप्प्यावरच पाहिला होता ना. बर्नस्टाइनना यंत्र विकत नव्हते, आमच्या कोपऱ्यावर ते चाळीस रुपयांत उपलब्ध होतं. तरीही आमच्या घरात आकडा येत नव्हता.

मी म्हटलं, “बाबा, आलं असेल किंवा नसेल. पण मला लवकर कळलं. आजोबांना नाही कळलं.”

पुढच्या रविवारी सकाळी चहाच्या आधी बाबा चपला घालून उभे. “चल, तुझ्या त्या काकांकडे.” निघण्यापूर्वी मी त्यांना साबणानं हात धुवायला लावले. १६४, उपाशीपोटी. काका हळू आवाजात म्हणाले, “साहेब, उद्या लॅबला जाऊन या. मग डॉक्टर.” लॅबमध्येही तेच निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, डोळे आणि पाय तपासून घेतले. पाय ठीक आहेत. हे ऐकल्यावर बाबांनी दवाखान्याच्या पायरीवरच बसून घेतलं, दोन मिनिटं.

आता घरात ग्लुकोमीटर आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिलेली असते, त्याच चौकोनात बाबा पेन्सिलीनं आकडा लिहितात. गणपतीच्या दिवसांत एका चौकोनात १९८ आहे आणि शेजारी लिहिलंय, ‘मोदक ४’.

तर मंडळी, काकांकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगतो आणि थांबतो. मेडिकलमध्ये तपासायला गेलात तर आधी साबणानं हात धुवा, नीट कोरडे करा. सुई नवीन आहे ना, ते डोळ्यांनी बघा. शेवटचं कधी आणि काय खाल्लं ते सांगा, कारण उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा आकडा वेगळ्या मापानं वाचतात. आणि आकडा जास्त आला तर त्यावरून औषध सुरू करू नका, लॅब आणि डॉक्टर. कमी आला तरी घरात कोणाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा लॅबमध्ये जाच.

हा भाग आवडला तर तुमच्या घरात जो माणूस हा विषय निघाला की उठून जातो, त्याला पाठवा. लेख वाचणार नसेल तर ऑडिओ पाठवा. पुढच्या भागात भेटूच.